रात्री डोंगरात सायकल का चालवावी? (मुरूम, सराटे आणि संकष्टीचा चंद्र)

मुरूमवाट (धागाकर्ता)

गेल्या रविवारी सकाळी सव्वाआठला साताऱ्याच्या डोंगराखाली एका लिंबाला सायकल टेकवून बसलो होतो. (सातारा म्हणजे आमच्या छत्रपती संभाजीनगरचा, खंडोबाचा. कृष्णेकाठचा नव्हे. दर वेळी हे सांगावं लागतं.) बाटलीतलं पाणी कोमट झालेलं, हँडलच्या धातूला हात लावला की चटका. एप्रिलचा पहिलाच पंधरवडा आणि सव्वाआठलाच दिवस हातातून गेलेला. मराठवाड्यात चैत्र लागला की सायकलवाल्यापुढं दोनच वाटा उरतात. पावसापर्यंत सायकल खुंटीला टांगा, नाहीतर रात्री काढा.

मी तीन वर्षांपासून रात्री काढतो. सुरुवात उन्हाला कंटाळून झाली हे कबूल. पण आता डिसेंबरातही, स्वेटर घालून, रात्रीच निघतो. म्हणजे कारण ऊन नव्हतंच, ते निमित्त होतं. घरच्यांना हे पटवता येत नाही. 'डोंगरात, रात्री, सायकलवर, आणि कशासाठी?' असा प्रश्न आला की माझी दातखीळ बसते. म्हणून इथं लिहून बघतो.

पहिली गोष्ट म्हणजे ओळखीची वाट अनोळखी होते. पायथ्याच्या गायरानातली ती मुरमाड पायवाट मी दिवसा शंभरदा तरी केली असेल. कुठं खडक वर आलाय, कुठं बैलगाडीची चाकोरी आहे, सगळं पाठ. रात्री मात्र दिव्यापुढचं पंचवीस-तीस पावलांचं जग तेवढं खरं असतं. गुडघाभर दगडाची सावली त्याच्यामागं पुरुषभर पडते. दिवसा सपाट वाटणारा मुरूम आडव्या उजेडात नांगरल्यासारखा दिसतो. ताशी पंधराचा वेग पंचविसाचा वाटतो, कारण नजरेला लांबचं काही धरायला मिळत नाही आणि जवळचं सगळं सर्रकन मागं जातं. पेट्रोल न जाळता वेग वाढवायचा हा सगळ्यात स्वस्त उपाय.

दुसरी गोष्ट अंगाला कळते. ओढ्यात उतरताना गार हवेचा एक पट्टा लागतो, अगदी विहिरीत डोकावल्यासारखा. थंड हवा जड असते, ती खोलगटात साचते. पलीकडच्या चढाला लागलो की दिवसभर तापलेला काळा खडक अजून धग सोडत असतो. शंभर मीटरांत दोन ऋतू. दिवसा हे कधी जाणवलं नाही. आणि या दिवसांत कडुलिंबाचा मोहोर! झाड दिसण्याआधी वास येतो.

तिसरी गोष्ट सांगायला अवघड आहे. वाटेत एक जुना पाझर तलाव आहे, आता कोरडा. त्याच्या बांधावर मी थांबतो, दिवा बंद करतो आणि सरळ आडवा होतो. पहिली पाच मिनिटं ठार आंधळा. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि मधे कुणी मोबाइल पेटवला की पुन्हा पहिल्यापासून. पण तेवढं थांबलं की बाभळीच्या फांद्या, कडब्याची गंजी, लांब देवगिरीचा आकार हळूहळू परत येतात. उत्तरेला सप्तर्षी, डोक्याच्या अलीकडं चित्रा, आणि दहाच्या पुढं पूर्वेकडून वर येणारा वृश्चिक. त्यातली ज्येष्ठा तांबूस असते हे पुस्तकात वाचलेलं, पाहिलं मात्र त्या बांधावर.

मराठवाड्यात आणखी कोण कोण रात्री काढतं? कुठं? आणि घरी काय सांगता?

बालाघाटी

मी बीडचा. मांजरसुंब्याच्या बाजूला, कपिलधारच्या वाटेवर. एकच मुद्दा जोडतो. चढ रात्री सोपा जातो. दिवसा माथा दिसतो आणि बघूनच अर्धा दम जातो. रात्री समोरची दहा हात जागा दिसते, तेवढीच चढायची, मग पुढची दहा हात. घाट कधी संपला ते गिअर हलका झाल्यावर कळतं. घरी सांगतो की मित्राकडं चाललो. मित्रही घरी तेच सांगतो.

उगाचशंका

पहाटे पाचला उठलं तर हे सगळं फुकटात मिळेल की. गारवा पण, उजेड पण. रात्रीच्या भानगडीत कशाला पडायचं?

मुरूमवाट

पहाट वाईट नाही. पण पहाटे तुम्ही सूर्याच्या पुढं पळत असता, मिनिटागणिक उजेड वाढतो, ऊन वाढतं, ऑफिस जवळ येतं. रात्री मागं काही लागलेलं नसतं. आणि पहाटे पाचला उठणारा माणूस मी नाही, हे खरं कारण.

सराटा

आयडीवरून ओळखलं असेलच. मी कसाही पडलो तरी एक काटा वरच असतो. रात्री मी तुम्हाला दिसत नाही, मला तुम्ही दिसता. गायरान आणि बांधाच्या कडेला माझं राज्य, आणि जिथं मी नाही तिथं वेडी बाभूळ. ट्यूब घालून रात्री निघालात तर अंधारात पंक्चर काढत बसाल. ट्यूबलेस करा, आत सीलंट (भोक आपोआप बुजवणारा चिकट द्रव) घाला, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते दोन महिन्यांत वाळतं हे लक्षात ठेवा. टायर हलवून आत डबडब आवाज आला नाही तर निघू नका. काटा टोचलेला दिसला तरी वाटेत उपटायचा नाही. घरी जाऊन उपटा.

सेलवाला

दिव्याबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. रात्रीच्या राइडची निम्मी मजा आणि निम्मे अपघात दिव्यावर ठरतात.

ऑनलाइन 'तीन हजार लुमेन, पाच तास' असं लिहिलेले स्वस्त दिवे मिळतात. (लुमेन म्हणजे उजेडाचं माप.) मीही फसलोय. म्हैसमाळहून उतरताना चाळिसाव्या मिनिटाला दिवा एकदम गेला, मंद होण्याची सूचनासुद्धा न देता. उरलेला उतार मोबाइलच्या उजेडात सायकल ढकलत काढला. घरी येऊन हिशेब केला, जो आधी करायला हवा होता. आत १८६५० मापाचा एकच सेल. तो ३.६ व्होल्टचा, फार तर तीन-साडेतीन हजार मिलिअँपिअर-तासांचा, म्हणजे दहा-बारा वॉट-तास ऊर्जा. चांगली एलईडी वॉटमागं शंभर लुमेनच्या आसपास देते. म्हणजे एक हजार लुमेनला दहा वॉट, आणि एका सेलवर तासभर. तीन हजार लुमेन पाच तास हवे असतील तर पाठीवर सेलची पिशवी लागेल. हा गुणाकार दुकानदारासमोर करून दाखवा, चेहरा बघण्यासारखा होतो.

दिवे दोन हवेत. एक हँडलवर, एक हेल्मेटवर. हँडलचा उजेड खालून आडवा येतो, त्यामुळं खड्ड्यादगडांच्या सावल्या पडतात आणि जमिनीचा उंचसखलपणा कळतो. (मुरूमवाट यांना नांगरल्यासारखा मुरूम दिसला तो यामुळं.) हेल्मेटचा दिवा डोळ्यांच्या वरच असतो, त्याच्या सावल्या आपल्याला दिसत नाहीत, सगळं सपाट वाटतं. पण वळणावर हँडलचा दिवा सरळ दरीत बघत असतो आणि आपल्याला वाट डावीकडं हवी असते, तेव्हा मान वळेल तिकडं उजेड नेणारा तोच.

आपल्याकडची खास अडचण म्हणजे फुफाटा. पुढच्यानं उडवलेली धूळ हेल्मेटच्या दिव्यात पांढऱ्या भिंतीसारखी उभी राहते, धुक्यात गाडीचा मोठा लाइट लावल्यावर होतं तसं. तेव्हा हेल्मेटचा दिवा मंद करा आणि दोन सायकलींत अंतर ठेवा. ताशी वीसच्या वेगात सेकंदाला साडेपाच मीटर जातात. तीस मीटर दिसत असेल तर हातात पाच-साडेपाच सेकंद आहेत. त्यात बघायचं, कळायचं, ब्रेक दाबायचा आणि मुरमावर घसरायचं, सगळं बसवायचंय.

पायडलताई

धागा छान आहे. फक्त इथली बहुतेक भीती दगडाची आणि दिव्याची दिसतेय. मला डोंगरात तासभर एकटं बसवा, बसेन. डोंगरापर्यंतचा सहा किलोमीटरचा डांबरी रस्ता, ढाब्यांवरून आणि पानटपऱ्यांवरून जाणारा, तो मला एकटीनं रात्री नऊला करायचा नसतो. जाणाऱ्या बाइकवरून कुणी मुद्दाम वेग कमी करतं, शेजारी येतं, काहीतरी बोलतं. तेव्हा हृदयाचे ठोके जे वाढतात ते व्यायामाचे नसतात.

म्हणून आम्ही पाचजणी आणि दोघे असे मिळून जातो. डांबरी रस्ता चारचाकीवर सायकली लादून पार करतो आणि कच्च्या वाटेला लागतानाच उतरतो. कुणी हसतं, 'एमटीबीवाले (माउंटन बाइकवाले) गाडीनं आले' म्हणून. हसू द्या.

पण एकदा कच्च्या वाटेला लागलं की एक गंमत होते. दिवसा बायका सायकल चालवताना दिसल्या की बघे असतात. कपडे बघतात, हेल्मेट बघतात. रात्री अंधारात सगळे फक्त दिवे असतात. कोण बाई, कोण बाप्या, कोण पन्नाशीची, काही कळत नाही. मला रात्र आवडण्याचं खरं कारण हे आहे. मुरूमवाट, तुमच्या यादीत हे येणारच नव्हतं, त्यात तुमची चूक नाही.

मुरूमवाट

खरंच आलं नसतं. आणि 'घरी काय सांगता' हा प्रश्न मी किती आरामात विचारला ते आता कळतंय.

विंचूकाटा

धागाकर्त्यांना एक सरळ विनंती. बांधावर आडवे होणं आजपासून बंद.

पाझर तलावाचा बांध म्हणजे दगडांची पिचिंग (उतारावर रचलेला दगडी थर), दगडांत फटी, फटींत उंदीर, आणि उंदरांमागं कोण येतं ते सांगायला नको. आपल्याकडचे चारही मुख्य विषारी साप, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, या टापूत आहेत. मण्यार रात्रीच फिरते आणि तिचा दंश कित्येकदा दुखतही नाही, झोपलेल्याला कळत नाही. फुरसं वीतभर-हातभर लांबीचं, मुरमाच्या रंगाचं, आणि मुरमाड माळ हेच त्याचं घर. ते पळत नाही, वेटोळं करून अंगाला अंग घासतं, करवतीसारखा खर्र आवाज येतो. फ्रीव्हीलच्या टिकटिकीत तो ऐकू येणार नाही. चालत्या सायकलला धोका कमी, थांबलेल्या माणसाला जास्त. सायकल टेकवताना, लघवीला बाजूला जाताना, दगडावर बसताना आधी उजेड टाका. घोट्याच्या वर जाणारे बूट घाला.

आणि चावलंच तर पट्टी आवळणं, कापणं, चोखणं काही नाही. हातपाय कमीत कमी हलवून, दागिने-घड्याळ काढून, १०८ ला फोन करून थेट सरकारी दवाखाना. प्रतिसर्पविष या चारही सापांवर एकच असतं, त्यामुळं साप मारून सोबत न्यायची गरज नाही.

आता भीती घालून झाली, थोडं बक्षीस. खिशात अतिनील टॉर्च ठेवा. विंचू त्या उजेडात हिरवट चमकतो. वाटेवर दोन लालभडक निखारे जमिनीलगत दिसले तर बिबट्या समजून ओरडू नका, तो रातवा पक्षी असतो. रस्त्यावरच बसतो आणि चाक अगदी जवळ येईपर्यंत उठत नाही, त्यामुळं गाड्यांखाली बरेच मरतात. वेग कमी करा. गवतात हिऱ्याच्या कणीसारखे ठिपके चमकले तर ते कोळ्याचे डोळे. दव नाही. जवळ जाऊन बघा, आठ पाय दिसतील.

वनवाट

ठिकाणं विचारली आहेत म्हणून आधीच लिहून ठेवतो. गौताळा-औट्रामघाट, येडशी-रामलिंग, नायगाव ही अभयारण्यं आहेत. तिथं अंधार पडल्यावर सायकल काय, पायीसुद्धा आत राहायचं नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं परवानगीशिवाय प्रवेशच नाही. राखीव वनातही विचारल्याशिवाय नको. वेरूळ आणि देवगिरी पुरातत्त्व खात्याकडं आहेत, ती लांबूनच बघा. कायदा बाजूला ठेवला तरी बिबट्या, तरस, साळिंदर यांना एवढीच वेळ मिळते. दिवसभर आपणच असतो सगळीकडं. गायरान, पाणंद, धरणाचे बांध, पाझर तलाव एवढं अंगण मराठवाड्यात सायकलला पुरेसं आहे.

मोटारीवरचा

मी शेतकरी. पैठणकडंचा. पोरानं हा धागा दाखवला म्हणून लिहायलो.

तुमी रात्रच्याला मजेसाठी फिरता, चांगलंय. आमी पण रात्रभर तिथंच असतो. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीची आली की अकराला जायचं आन् पहाटंपर्यंत दारं धरायची, म्हंजी पाटाचं पाणी वळवत राहायचं. मपली मोसंबी हाय दोन एकर. हातात बॅटरी, खांद्यावर फावडं, पायात काहीच नाही, कारण चिखलात चप्पल राहत नाही. वरच्या सापाच्या पोस्टीतलं सगळं आमच्यासाठी पण खरंय, बूट सोडून.

दोन-चार गोष्टी सांगतो. तुमच्या डोक्यावरचा तो दिवा आमच्याकडं बघून बोलू नका. डोळ्यात गेला की दहा मिनिटं आंधळं होतं माणूस, आन् मी पाटाच्या कडंला उभा असतो. दुसरं, केबल चोरणारे, मोटारी चोरणारे पण रात्रीच येतात, आन् तेबी गुपचूप येतात. मागल्या वर्षी आमच्या गावात चार सायकलवाल्यांना पोरांनी अडवलं, चांगलं वीस जण जमले, काठ्या घेऊन. नंतर चहा पाजला, पण आधी पाजला नाही. वस्ती दिसली की दिवा खाली करा आन् आवाज द्या. राम राम म्हणायला काय लागतं?

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. पाणंदीच्या कडंला कठडा नसलेल्या विहिरी हायेत. दिवसा दिसतात, रात्री गवतात दिसत नाहीत. वाट सोडून शेतात घुसायचं नाही म्हणजे नाही. आन् रानडुकरासाठी झटका मशीनची तार असते गुडघ्याएवढी. काही येडे थेट लाईन पण सोडतात. तार दिसली की ती चालू हाय असंच समजायचं.

मुरूमवाट

काका, वाचून मान खाली गेली. तीन वर्षं मी त्या शेतांमधून जातोय. लांब हलणारी बॅटरी दिसली की 'कुणीतरी आहे' एवढंच मनात यायचं आणि खरं सांगतो, मी उलट वेग वाढवायचो. मला तुमची भीती, तुम्हाला माझी.

मोटारीवरचा

मान वर करा, समोर विहीर असंल.

जुना डायनॅमो

वय वर्षे शहात्तर, जालना. तुमचे लुमेन मला कळत नाहीत. आमच्याकडं टायरला घासणारा बाटलीसारखा डायनॅमो होता, सहा व्होल्ट, तीन वॉट. त्याची मजा अशी की उजेड तुमच्या पायांत असायचा. जोरात मारा, रस्ता दिसतो. दमलात, रस्ताही दमतो. चढावर, जिथं खड्डे नीट दिसायला हवेत, तिथंच दिवा पिवळा पडून मान टाकायचा. उतारावर इतका लखलखायचा की बल्ब उडायचा. थांबलात की संपूर्ण काळोख. म्हणून आम्ही थांबतच नसू.

नाथषष्ठीला पैठणला आम्ही चौघे असेच रात्री जायचो, काळ्या सायकली, गिअर नाही, मागं कॅरिअरला भाकरीचं गाठोडं. डायनॅमो चौघांत एकालाच. तो पुढं, बाकीचे त्याच्या मागं. तो मारून मारून दमला की दुसरा पुढं जाई असं नव्हतं, कारण डायनॅमो त्याच्याच सायकलला होता. बिचारा.

आणि तो पाझर तलाव. बहात्तरच्या दुष्काळात असे कैक तलाव आणि कच्चे रस्ते कामावर आलेल्या माणसांनी डोक्यावर पाट्या वाहून केले. माझी आई अशाच एका कामावर होती. तुम्ही आडवे होता तो तोच बांध असेल असं नाही, पण तशाच एखाद्या बाईनं टाकलेली माती असेल. आडवे होऊ नका, सापाचं त्या गृहस्थांनी बरोबर सांगितलंय. बसा.

सेलवाला

काका, डायनॅमोवाल्याला 'बिचारा' म्हणालात तिथं फुटलो.

कुणाला प्रश्न पडला असेल की हे एमटीबीचं खूळ आलं कुठून, तर अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मॅरीन परगण्यात, १९७० च्या दशकात. जुन्या जाड टायरच्या सायकली डोंगरावर न्यायच्या आणि खाली सोडायच्या. १९७६ पासून तिथं 'रीपॅक' नावाची उताराची शर्यत भरायची. नाव असं, कारण एका उतरणीत मागच्या हबमधल्या ब्रेकचं ग्रीस जळून जायचं आणि पुन्हा भरावं लागायचं. रात्रीचा भाग नंतर वाढला. १९९२ मध्ये वेस्ट व्हर्जिनियात कनानला चोवीस तासांची शर्यत सुरू झाली, संघातल्या एकेकानं आळीपाळीनं फेऱ्या मारायच्या. चोवीस तास म्हटल्यावर रात्र टाळता येतच नाही. म्हणजे काकांचा चौघांचा संघ फक्त डायनॅमो न बदलल्यामुळं मागं पडला.

उगाचशंका

एक सोडून दिलेला मुद्दा. चंद्र. पौर्णिमेला गेलात तर दिवाच लागणार नाही ना?

बालाघाटी

मुरमाची वाट पौर्णिमेला पांढुरकी दिसते, सपाटीला दिवा बंद करून चालवता येते. उतारावर नाही. चंद्राच्या उजेडात वाट दिसते, खोली दिसत नाही. खड्डा आणि सावली सारखेच. हनुवटीवर तीन टाके आहेत, विचारा.

मी पौर्णिमेपेक्षा संकष्टीला जातो. चंद्र रोज साधारण पाऊण-एक तास उशिरा उगवतो, त्यामुळं संकष्टीला तो नऊ-दहाच्या दरम्यान येतो, आणि वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरातच छापलेली असते. आठला निघायचं, पहिला टप्पा पुरता काळोख, तारे भरपूर. माथ्यावर पोचावं आणि चंद्र वर यावा. घरी उपास असतोच, 'चंद्र बघून येतो' म्हणायचं. यापेक्षा सोवळं निमित्त दुसरं नाही.

मुरूमवाट

काल संकष्टी होती. जाऊन आलो, म्हणून धागा वर काढतोय.

पायडलताईंच्या गटातले तिघे, सेलवाला आणि मी. सराट्यानं सेलवाल्याला गाठलंच, सीलंटनं जागच्या जागी बुजवलं. बांधावर या वेळी आडवा झालो नाही, उजेड टाकून, दगड बघून, बसलो. सेलवाल्यानं अतिनील टॉर्च फिरवली आणि मी गेली तीन वर्षं जिथं डोकं टेकायचो, तिथून हातभर अंतरावर दोन हिरवे विंचू. यावर मला काही बोलायचं नाही.

येताना पाणंदीत एका शेतात बॅटरी हलताना दिसली. आम्ही पाचही दिवे खाली केले, थांबलो, राम राम घातला. पलीकडून बराच वेळ काही नाही. मग आवाज आला, 'कोण गावचे?' सांगितलं. 'एवढ्या रात्री कामून?' पायडलताई म्हणाल्या, 'चंद्र बघायला.' तो माणूस फावडं टेकून वर बघायला लागला. म्हणाला, 'व्हय की, निघाला. आज बायकोनं सोडला असंल उपास.' आणि पुन्हा वाकून दार मोडायला लागला.

मोटारीवरचा

तो मी नव्हतो. मपली लाईट या आठवड्यात दिवसाची हाय.

पायडलताई

काका, तुमच्या पाणंदीला कधी येऊ? हुरडा मिळेल का?

मोटारीवरचा

ज्वारी निघून महिना-दीड महिना झाला ताई, आता धसकटं हायेत नुसती. हुरड्याला पौषात या. आत्ता यायचं तर पुढच्या आठवड्यात या, माझी रात्रपाळी हाय. पाट फुटतो तिथं चिखल असंल पन्नास पावलं, सायकल उचलून घ्या. विहीर डाव्या हाताला. मी बॅटरी लावून उभा राहीन.